दिसतं तसं नसतं: ब्रिटनच्या कोळ्यांवरचं एक पुस्तक

काही वर्षांपूर्वी लीड्समधल्या आमच्या गॅरेजच्या खिडकीत बसलेला एक कोळी मी चपलेनं मारला. ऑक्टोबर महिना होता. ‘फॉल्स विडो’ नावाच्या चावऱ्या कोळ्याचे फोटो वर्तमानपत्रांत झळकत होते. शेजारच्या बाईंनी कुंपणावरून हाक मारून फोनमधला फोटो दाखवला होता आणि सांभाळून राहा म्हणून बजावलं होतं. गॅरेजमधला कोळी अगदी त्या फोटोसारखा होता: तपकिरी, टपोऱ्या पोटाचा, पोटावर फिकट नक्षी. माझा मुलगा दारात उभा राहून बघत होता.

“आई, नक्की तोच आहे ना गं?”

“तोच आहे. फोटो बघ की.”

पुढं त्याच मुलाला कोळ्यांचं वेड लागलं. त्याच्या वाढदिवसाला आणलेलं एक पुस्तक चाळताना मला कळलं की तो ‘तोच’ नव्हता. जाळं खिडकीच्या फटीभोवती होतं, निळसर झाक असलेलं, पिंजलेल्या लोकरीसारखं. तसं जाळं फॉल्स विडो विणत नाही. ते अमॉरोबियस वंशातल्या कोळ्याचं असतं, आणि हे कोळी ब्रिटनमधल्या कित्येक घरांच्या भिंतीत गुण्यागोविंदानं राहतात. त्यातली जात कुठली, हे मात्र आता कुणीच सांगू शकणार नाही. चपलेखाली जे उरलं होतं, त्यावरून जात ठरत नाही.

ते पुस्तक म्हणजे ‘ब्रिटन्स स्पायडर्स: अ फील्ड गाइड’. लेखक लॉरेन्स बी, जेफ ऑक्सफर्ड आणि हेलन स्मिथ. प्रिन्स्टन युनिव्हर्सिटी प्रेसच्या वाइल्डगाइड्स मालिकेत २०१७ साली पहिली आवृत्ती आली आणि २०२० साली सुधारलेली दुसरी. गेली काही वर्षं ते आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. पानांना चहाचे डाग पडले आहेत. ते चांगलं आहे यात मला शंका नाही. पण माझ्यासारख्या वाचकाच्या हातात त्याचं काय होतं, आणि फोटो पाहून नाव सांगण्याच्या या सगळ्या प्रकारावर किती भरवसा ठेवावा, याबद्दल थोडं बोलायचं आहे.

पुस्तकात काय आहे

ब्रिटनमध्ये कोळ्यांच्या साडेसहाशेहून अधिक जातींची नोंद आहे. त्यातल्या सुमारे चारशे या पुस्तकात आहेत. सुरुवातीला कोळ्याच्या शरीराची ओळख, मग कुळांची ओळख, आणि मग एकेका जातीची माहिती: फोटो, मापं, कुठं सापडते, वर्षाच्या कुठल्या महिन्यांत दिसते, नकाशा. छपाई देखणी आहे आणि इंग्रजी सोपं.

मला सर्वांत आवडलेला भाग जाळ्यांचा आणि अंड्यांच्या पिशव्यांचा. कोळी लपलेला असला तरी त्याचं घर समोर असतं. चाकासारखं गोल जाळं कुणाचं, चादरीसारखं पसरलेलं कुणाचं, नरसाळ्यासारखं कुणाचं, हे आधी बघायला हे पुस्तक शिकवतं. खिडकीच्या कोपऱ्यात गोल जाळं आहे आणि वरच्या बाजूची एक फाक कापून घेतल्यासारखी रिकामी आहे, म्हणजे ते झायगिएला वंशाच्या कोळ्याचं असण्याची दाट शक्यता. माझ्या मुलाला ही खूण कळल्यावर त्यानं एका दुपारी गल्लीतल्या सगळ्या खिडक्या पालथ्या घातल्या. तरी इथंही मेख आहेच. कधीकधी तोच कोळी पूर्ण जाळंही विणतो, आणि त्याच वंशातल्या दुसऱ्या जातीच्या जाळ्यातही तशीच फाक असते. म्हणजे वंश कळला, जात नाही.

पुस्तकाची दुसरी मोठी गोष्ट म्हणजे त्याचा प्रामाणिकपणा. कुठली जात नुसत्या डोळ्यांनी ओळखता येईल, कुठल्या जातीला भिंग लागेल आणि कुठल्या जातीला सूक्ष्मदर्शकाशिवाय हात लावू नये, हे ते सांगतं. पक्ष्यांच्या किंवा फुलपाखरांच्या पुस्तकांची सवय असलेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. पुस्तक विकत घेतलं ओळखण्यासाठी, आणि ते सांगतं की ही तुम्हाला ओळखता येणार नाही!

रंगाची फसवणूक

हे असं का, याचं उत्तर या पुस्तकाच्या तीन लेखकांपैकी एकाच्या आयुष्यभराच्या कामातच आहे. जेफ ऑक्सफर्ड यांनी एनोप्लोग्नाथा ओव्हाटा नावाच्या कोळ्याच्या रंगांच्या आनुवंशिकतेचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. हा कोळी जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा. उन्हाळ्यात ब्लॅकबेरीच्या झुडपावर दुमडलेलं पान उघडलं, तर आत निळसर अंड्यांची पिशवी कवटाळून बसलेली मादी सापडते. या मादीची रूपं तीन. एकीचं पोट नुसतं पिवळट पांढरं, दुसरीच्या पोटावर दोन लाल पट्टे, तिसरीचं जवळजवळ सगळं पोट लाल.

स्वीडनच्या कार्ल क्लार्क यांनी १७५७ साली ‘स्वेन्स्का स्पिन्डलार’ या ग्रंथात साठहून अधिक कोळ्यांची वर्णनं छापली, तेव्हा या तिघींना तीन वेगळी नावं दिली: ओव्हाटस, लिनिएटस, रेडिमिटस. प्राण्यांना नावं देण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत हा ग्रंथ विशेष अपवाद मानला गेला आहे. एरवी लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून नावं धरतात, पण क्लार्कच्या कोळ्यांची नावं त्याच्याआधीची असूनही ग्राह्य आहेत. म्हणजे कोळ्यांच्या नामकरणाची सुरुवात ज्या पुस्तकापासून होते, त्यातच रंगानं फसून एकाच जातीची तीन नावं पडली आहेत. चूक अडाण्याची नव्हती, त्या विषयातल्या जाणकाराची होती.

आज आपल्याला माहीत आहे की हे तीन रंग आनुवंशिक आहेत. पिवळा रंग हा दबणारा गुण आहे. आईकडून किंवा वडलांकडून एक जरी पट्ट्याचा किंवा लाल रंगाचा घटक आला, तर पिवळा दिसत नाही. म्हणून एकाच पिशवीतून निघालेल्या सख्ख्या बहिणींत एक पिवळी आणि एक पट्ट्यांची असू शकते. रंगावरून त्यांना वेगळ्या जातीत टाकणं म्हणजे साडीचा रंग बघून बाई कुणाच्या घरची ते सांगण्यासारखं.

गोष्ट इथं संपली असती तर ‘रंग सोडा, बाकी बघा’ एवढाच धडा निघाला असता. पण १९८२ साली हिप्पा आणि ओक्साला या फिनलंडच्या संशोधकांनी या कोळ्यांची जननेंद्रियं बारकाईनं तपासली, आणि ज्याला सगळे एकच जात समजत होते त्यात दोन निघाल्या. दुसरीचं नाव एनोप्लोग्नाथा लाटिमाना. तिच्यातही पिवळी आणि पट्टेवाली रूपं आहेत. नंतर ती ब्रिटनमध्येही आढळली. म्हणजे रंग वेगळे असूनही जात एक, आणि रंग एक असूनही जाती दोन. दोन्ही बाजूंनी कात्री.

पुस्तकात या कोळ्याची तिन्ही रूपं आहेत. स्वतः ऑक्सफर्ड लेखक असल्यावर ती असणारच. ऑक्सफर्ड आणि अमेरिकेतल्या रोझमेरी गिलेस्पी यांनी हवाई बेटांवरच्या एका कोळ्यावरही असंच काम केलं. त्याच्या पोटावर कधी हसऱ्या चेहऱ्यासारखी लाल-काळी नक्षी असते, कधी नुसता पिवळा रंग. माउई बेटावर या नक्षीची आनुवंशिकता सरळ आहे, तर मोठ्या हवाई बेटावर तीच नक्षी वेगळ्या रीतीनं उतरते आणि काही रूपं नर-मादीनुसार बदलतात. ज्या माणसानं रंगांच्या या लबाड्या इतक्या जवळून पाहिल्या आहेत, त्याच्या पुस्तकावर विश्वास ठेवायला मला बरं वाटतं.

वय, लिंग आणि फुलाचा रंग

कोळ्याचं रूप बदलण्याची कारणं आनुवंशिकतेवर संपत नाहीत. मिसुमेना व्हाटिया ही खेकड्यासारखी तिरपी चालणारी मादी पांढऱ्या फुलावर पांढरी असते. पिवळ्या फुलावर जाऊन बसली की काही दिवसांत पिवळी होते, आणि पुन्हा पांढरीही होऊ शकते. तिचा नर तिच्या मानानं अगदी चिमुकला, गडद आणि काटकुळा. दोघांना शेजारी ठेवलं तर नवरा-बायको सोडाच, नातेवाईकही वाटणार नाहीत.

‘मनी स्पायडर’ म्हणून इथं ओळखल्या जाणाऱ्या इवल्याशा काळ्या कोळ्यांत तर नराच्या डोक्याचे नाना प्रकार. वाल्केनेरिया अ‍ॅक्युमिनाटा या जातीच्या नराचे डोळे पाणबुडीच्या दुर्बिणीसारख्या उंच दांड्यावर असतात. पहिल्यांदा चित्र बघितलं तेव्हा मला ती थट्टा वाटली. मादीचं डोकं मात्र चारचौघींसारखं.

आणि वय. कोळी वाढताना अनेकदा कात टाकतो. दर वेळी आकार बदलतो, कित्येकदा नक्षीही. बागेत दिसणाऱ्या कोळ्यांत पिल्लंच जास्त असतात. पिल्लाची जात सांगणं बहुतेक वेळा तज्ज्ञालाही जमत नाही, कारण जात ज्या अवयवावरून ठरते, तो अवयव शेवटची कात टाकेपर्यंत तयारच झालेला नसतो.

कुलूप आणि किल्ली

तो अवयव म्हणजे जननेंद्रिय. नराच्या तोंडाजवळ दोन आखूड पायांसारखे अवयव असतात. प्रौढ नरात त्यांची टोकं मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यांसारखी फुगलेली दिसतात. ही टोकं म्हणजे वीर्य पोचवण्याचं यंत्र. त्यावर आकडे, काटे, पडदे आणि नळ्या असतात. बहुतेक कुळांतल्या मादीच्या पोटाखाली एक कठीण पट्टी असते, तिला एपिगाइन म्हणतात. या दोन अवयवांची घडण जातीगणिक वेगळी असते, पण एकाच जातीत ती बरीच स्थिर राहते. खाणं कमी मिळालं म्हणून कोळी खुजा राहिला, तरी हे अवयव त्या प्रमाणात लहान होत नाहीत.

असं का, याचं जुनं उत्तर कुलूप-किल्लीचं होतं: परक्या जातीशी समागम होऊ नये म्हणून प्रत्येक जातीची किल्ली वेगळी. विल्यम एबरहार्ड यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात दुसरं उत्तर मांडलं. मादी नराच्या या अवयवांतून मिळणाऱ्या स्पर्शावरून निवड करते, आणि त्या निवडीच्या दाबाखाली ते अवयव पिढ्यानपिढ्या बदलत जातात, असं त्यांचं म्हणणं. वाद अजून चालू आहे. पण रंगाचं काम वेगळं आणि या अवयवांचं वेगळं, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. रंग पक्ष्यांपासून लपण्यासाठी किंवा भक्ष्य फसवण्यासाठी असतो. जननेंद्रिय आपल्याच जातीच्या जोडीदारासाठी असतं. म्हणून जात ओळखायची तर तिथंच बघावं लागतं.

मायकल रॉबर्ट्स यांचं १९९५ चं ‘कॉलिन्स फील्ड गाइड: स्पायडर्स ऑफ ब्रिटन अँड नॉर्दर्न युरोप’ नेमकं हेच करतं. त्यात रॉबर्ट्स यांनी स्वतः रंगवलेली सुंदर चित्रं आहेत, पण पुस्तकाचा कणा म्हणजे नर-मादीच्या या अवयवांची शेकडो रेखाटनं. नवख्याला ती पानं रुक्ष वाटतात. जुनं यंत्र उघडून त्याचे सुटे भाग मांडून ठेवावेत, तशी. मीही पहिल्यांदा ते मिटून ठेवलं होतं. आज दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बघते तेव्हा वाटतं, रॉबर्ट्स वाचकाला खुश करायला जात नाहीत. जे बघायला हवं तेच दाखवतात. ‘ब्रिटन्स स्पायडर्स’ वाचकाला आत बोलावतं, बसवतं, चहा देतं, आणि मग हळूच सांगतं की पुढच्या खोलीत जायला सूक्ष्मदर्शक लागेल.

तीन, एक, पुन्हा तीन

पण जननेंद्रियं हा तरी शेवटचा शब्द आहे का? त्यासाठी आमच्या घरातल्या बाथटबकडे वळू.

सप्टेंबर आला की इथल्या घरांत मोठाले लांब पायांचे तपकिरी कोळी धावताना दिसतात. हे मादीच्या शोधात निघालेले नर. घसरगुंडीसारख्या टबात पडले की त्यांना वर चढता येत नाही. या गटात तीन जाती मानल्या जात: अट्रिका, सेव्हा आणि डुएलिका. सेव्हा साधारण पश्चिमेकडची, डुएलिका पूर्वेकडची. आमच्या यॉर्कशरमध्ये दोघींच्या सीमा भिडतात, आणि इथं त्यांचा संकर होतो असं ऑक्सफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं.

२०१३ साली बोल्झर्न, बुर्कहार्ट आणि हॅन्गी यांनी या कोळ्यांना टेजेनारिया या जुन्या वंशातून काढून नवा वंश केला. नाव दिलं एराटिजेना. टेजेनारियाची रोमन अक्षरं उलटसुलट केली की हे नाव होतं, म्हणजे शास्त्रज्ञांनाही कोटी करण्याची हौस असतेच. त्याच कामात तिन्ही जाती एकच ठरवल्या गेल्या: अट्रिका. मग २०१८ साली ऑक्सफर्ड आणि तेच बोल्झर्न यांनी पुरावे पुन्हा तपासून लेख लिहिला, आणि एकाच्या पुन्हा तीन जाती झाल्या.

या पाच वर्षांत आमच्या टबातल्या कोळ्यात काही फरक पडला नाही. त्याचं नाव दोनदा बदललं. ज्यांनी तीनाची एक केली त्यांच्यातल्याच एकानं, आधी तीन मानणाऱ्याबरोबर बसून, पुन्हा तीन केल्या. मला यात शास्त्राची फजिती दिसत नाही. आपलं आधीचं मत छापून झाल्यावर ते छापूनच बदलणारी माणसं आपल्या समाजात किती आहेत, ते मोजून बघा. पण यातून हेही दिसतं की जात ही कोळ्याच्या अंगावर लिहिलेली चिठ्ठी नसते. शरीराची घडण, रेणू, संकर आणि प्रदेश असे अनेक पुरावे एकत्र करून माणसानं काढलेला तो निष्कर्ष असतो. एका फोटोवर तो काढता येत नाही.

मग तक्रार काय?

इथं या पुस्तकाशी माझं थोडं भांडण आहे. लेखकांना हे सगळं माहीत आहे, त्यांनी ते लिहिलंही आहे. पण फोटोंच्या पुस्तकाचा स्वभाव त्यांच्या शब्दांच्या विरुद्ध काम करतो. सावधगिरीची खूण छोटी असते आणि फोटो मोठा. वाचक प्रस्तावना वाचत नाही, थेट पानं उलटत जातो आणि ‘हाच!’ म्हणून थांबतो. फोटोतला कोळी त्या जातीचा राजदूत होऊन बसतो. त्याच्यासारखा न दिसणारा त्याच जातीचा कोळी परका ठरतो, आणि त्याच्यासारखा दिसणारा परका त्याचा भाऊ. शिवाय फोटोत तीन मिलिमीटरचा आणि पंधरा मिलिमीटरचा कोळी सारखेच धिप्पाड दिसतात. आकडा शेजारी छापलेला असतो, पण डोळा आकडा वाचत नाही.

दुसरी अडचण वगळलेल्यांची. मनी स्पायडरचं कूळ ब्रिटनमधलं सर्वांत मोठं. त्यात अडीचशेहून अधिक जाती आहेत, आणि बहुतेकींना सूक्ष्मदर्शक लागत असल्यानं त्या या पुस्तकात नाहीत. निर्णय समजण्यासारखा आहे. पण जे पानावर नाही ते जगातच नाही असं वाचकाला वाटू लागतं, आणि मग तो न दिसलेल्या जातीचा कोळी दिसलेल्या जातीच्या फोटोत कोंबतो.

माझ्या मते अशा पुस्तकात ‘फसवे जोड’ दाखवणारी पानं, आणि एकाच जातीची आठ-दहा रूपं शेजारी मांडणारी पानं, आहेत त्याच्या दुप्पट हवी होती. चारशेऐवजी तीनशे जाती घेतल्या असत्या तरी चाललं असतं. विशेषतः फॉल्स विडोसाठी. हा कोळी, म्हणजे स्टिएटोडा नोबिलिस, मूळचा माडेरा आणि कॅनरी बेटांकडचा. इंग्लंडमध्ये टॉर्कीजवळ १८७९ साली त्याची नोंद झाली, म्हणजे तो इथं आपल्यापैकी बहुतेकांच्या कितीतरी आधी आला आहे. तो चावू शकतो, आणि चावला तर बहुधा गांधीलमाशी चावल्यासारखं दुखतं. पण त्याच्या नावाची भीती त्याच्या विषापेक्षा मोठी झाली आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात पूर्व लंडनच्या न्यूहॅम भागात या कोळ्यांमुळे चार शाळा बंद ठेवल्या गेल्या. त्याच्या पोटावरची फिकट नक्षी कधी स्पष्ट असते, कधी पुसट, तर कधी जवळजवळ नसतेच. आणि तपकिरी, नक्षीदार पोटाचे इतर कोळी घरोघरी आहेत. भीतीनं मारल्या जाणाऱ्या कोळ्यांत किती जण खरोखर ‘तोच’ असतील? माझा एक तरी नव्हता.

खात्रीची किंमत

आता यातली सर्वांत अवघड गोष्ट. चुकीच्या नावानं कोळी मरतो, हे मी माझ्या चपलेनं शिकले. पण बरोबर नावानंही तो बहुधा मरतोच. जननेंद्रियं तपासायची तर कोळी हलता कामा नये, आणि छोट्या जातींत त्यासाठी तो ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवावा लागतो. शास्त्रीय नोंदी, संवर्धनाचे निर्णय आणि या पुस्तकातले नकाशेदेखील अशा नमुन्यांच्या आधारावर उभे आहेत. त्या कामाची गरज मला पटते. एखाद्या दलदलीत दुर्मिळ कोळी आहे हे सिद्ध झालं, तर ती दलदल वाचू शकते. पण माझ्या बागेतल्या कोळ्याचं नाव मला फक्त हौसेसाठी हवं असेल, तर त्याचा जीव घेण्याचा मला काय अधिकार?

मुलानं हाच प्रश्न विचारला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर या पुस्तकानं दिलं, आणि म्हणूनच सगळ्या तक्रारींनंतरही मी त्याची शिफारस करते. ते सांगतं की पारदर्शक नळीत कोळ्याला कापसावर किंवा स्पंजावर हलकेच टेकवून ठेवा, भिंगानं बघा, आणि सोडून द्या. जेवढं दिसलं तेवढंच म्हणा. वंश कळला तर वंश लिहा. कूळ कळलं तर कूळ. ‘यापुढं सांगता येत नाही’ ही हार नसून ती स्वतःच एक नोंद आहे, हे इतक्या सरळपणे सांगणारं दुसरं पुस्तक मी वाचलेलं नाही. फोनमधलं अ‍ॅप क्षणात नाव फेकतं. हे पुस्तक थांबायला शिकवतं.

आपल्याकडे असं पुस्तक झालं तर

सुट्टीत पुण्याला गेलो की मुलगा आजोबांच्या बागेत कोळी शोधतो आणि विचारतो, इथलं पुस्तक कुठाय? भारतीय कोळ्यांवर बी. के. टिकादर यांनी पायाभूत काम केलं, आणि त्यांनी वर्णन केलेल्या कित्येक जातींचे नमुने पुणे परिसरातलेच आहेत. पण त्या काळातली अनेक वर्णनं एकाच मादीवर किंवा एकाच नरावर आधारलेली आहेत, आणि पुढच्या संशोधकांना त्यातली बरीच नावं पुन्हा तपासावी लागली. जिथं एकाच प्राण्यावरून जात ठरवली, तिथं त्या जातीत फरक किती असतो हे कळणार कसं?

शिवाय आपल्याकडे यादीच अजून पूर्ण झालेली नाही. २०२१ साली ठाणे परिसरातून उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात प्रसिद्ध झाली. २६/११ च्या हल्ल्यात दहशतवाद्याची बंदूक धरून ठेवणाऱ्या शहीद तुकाराम ओंबळे यांच्या नावावरून तिचं नाव ठेवलं, आयशियस तुकारामी. इतक्या गजबजलेल्या मुलखात असा कोळी इतकी वर्षं बिनानावाचा राहू शकतो. जगातल्या नोंदलेल्या कोळ्यांचा आकडा २०२२ साली पन्नास हजारांवर गेला, आणि तो वाढतोच आहे. अशा प्रदेशासाठी ब्रिटनच्या धर्तीवर नुसतं फोटोंचं पुस्तक काढलं तर ते जास्त फसवेल. बागेत जाळ्यावर फुली काढून बसणारा पट्टेरी कोळी आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्याच्या वंशातही एकमेकींसारख्या दिसणाऱ्या माद्या आहेत. आपल्या पुस्तकात जातींपेक्षा वंशांवर भर हवा, जाळ्यांवर हवा, आणि ‘इथंपर्यंतच’ हा शब्द मोठ्या अक्षरात हवा.

कोळ्यांची अजिबात आवड नसलेल्यांनी हे पुस्तक घ्यावं का? घरात लहान मूल असेल आणि दर सप्टेंबरला आरडाओरडा होत असेल, तर जरूर घ्यावं. फक्त फोटोंवरून सुरुवात करू नका. आधी जाळ्यांची पानं वाचा, मग प्रस्तावना, आणि फोटो सगळ्यांत शेवटी. गंभीरपणे शिकायचं असेल तर रॉबर्ट्स यांचं पुस्तकही मिळवा, आणि एक दहापट मोठं दाखवणारं भिंग.

गेल्या सप्टेंबरात टबात पुन्हा एक आला. मुलानं ग्लास आणि पोस्टकार्ड आणलं, नळीत धरून भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि वहीत तारीख लिहून पुढं लिहिलं: एराटिजेना, नर, जात सांगता येत नाही. मग आम्ही त्याला गॅरेजमध्ये नेऊन सोडलं, त्याच खिडकीजवळ.